फियाटमधली सलूनची खुर्ची

फियाटमध्ये सलूनची खुर्ची बसवायची कल्पना मुळात दत्तोपंत हेर्लेकरांची नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढं जे झालं त्याचं खापर राजारामपुरीत अजूनही त्यांच्याच डोक्यावर फोडलं जातं, आणि पंत ते मुकाट्यानं फोडून घेतात.

पंत जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. अपुरा अर्ज त्यांनी नोकरीभर कधी पुढं सरकू दिला नाही. निवृत्तीनंतर हा सगळा काटेकोरपणा त्यांनी गाडीवर आणून ठेवला. गाडी म्हणजे १९५५ सालची फियाट. काळी, गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी. म्हणजे कडी पुढं आणि बिजागरी मागं. अशा गाडीला सगळा महाराष्ट्र 'डुक्कर फियाट' म्हणतो. पंतांसमोर मात्र कुणी म्हणत नसे. ते तिला 'तुरीनची गाडी' म्हणत. इटलीत तुरीन म्हणून गाव आहे, तिथं ती जन्मली, बोटीनं मुंबईला उतरली आणि आजवर तिच्यात एक खिळासुद्धा परका शिरलेला नाही, हे ते आल्यागेल्याला चहाच्या आधी सांगत. चहा नंतर येई. कधी कधी बराच नंतर.

अशा गाड्या बाळगणाऱ्यांचं कोल्हापुरात 'करवीर अस्सल मोटार मंडळ' होतं. सभासद सत्तावीस, चिटणीस दत्तोपंत. मंडळाच्या घटनेतला सातवा नियम त्यांच्याच हातचा: 'मूळ गाडीत फेरफार करणाऱ्या सभासदाचे सभासदत्व रद्द होईल.' या नियमाखाली एकच माणूस गेला होता, बाळासो चौगुले. उद्यमनगरात त्याचं वडिलांपासूनचं वर्कशॉप. त्यानं आपल्या जुन्या फियाटला एसी बसवला. पंतांनी सभेत चाळीस मिनिटं भाषण केलं. उद्या पन्हाळ्याच्या तटाला गुळगुळीत फरशी लावाल, असं ते म्हणाले. बाळासोनं खाली मान घालून सगळं ऐकलं, उठून नमस्कार केला आणि गेला. त्याला सहा वर्षं झाली.

आता विमलाबाईंचा गुडघा. पंतांच्या पत्नी विमलाबाई अडीच वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरल्या. दोन ऑपरेशनं झाली आणि उजवा पाय गुडघ्यात वाकायचा तो थांबलाच. घरात काठी घेऊन त्या सगळं करत. पण गाडीत बसणं संपलं. रिक्षात पाय बाहेर राही. भाच्याच्या नव्या उंच गाडीत चढायला शिडी लागली असती. अडीच वर्षांत त्या दोनदाच बाहेर पडल्या, दोन्ही वेळा रुग्णवाहिकेतून, आणि दोन्ही वेळा गल्लीतली माणसं चेहरे पाडून पंतांना धीर द्यायला आली. नुसती तपासणी होती, हे पटवून द्यायला संध्याकाळ गेली.

त्यांची थोरली बहीण इरावती आजऱ्याला राहायची. रोज सकाळी साडेसातला दोघींचा फोन असे. दिवाळीनंतर इरावतींनी सांगितलं की मुलगा संक्रांत झाली की त्यांना बंगळूरला नेणार, आजऱ्याचं घर बंद होणार. विमलाबाईंनी फोन ठेवला, थोडा वेळ भाजी निवडली आणि म्हणाल्या, "एकदा आजऱ्याला जाऊन यायला हवं."

बस, एवढंच. पण चाळीस वर्षांच्या संसारात विमलाबाईंनी 'हवं' हा शब्द फारसा वापरलेला नव्हता. पंत उठले आणि टेप घेऊन खाली गाडीपाशी गेले.

माप घेताना त्यांच्या लक्षात आलं की उलट्या उघडणाऱ्या दारामुळं पुढून पाय आत न्यायला फियाटमध्ये मोप जागा आहे. अडचण सीटची होती. सीट सलग, बाकासारखी. बाईमाणसानं बसून ताठ पायासकट वळायचं कसं? पंत टेप हातात धरून उभे राहिले, आणि कोल्हापुरात माणूस टेप धरून उभा राहिला की सल्ला मागावा लागत नाही. वरच्या मजल्यावरचे बँकेतले गुरुप्रसाद म्हणाले, छताला कप्पी लावा. इस्त्रीवाल्यानं सांगितलं, सीटवर मेणकापड टाका, घसरत जातील. समोरच्या दूधवाल्या आक्का किटली खाली ठेवून पुढं आल्या.

"त्यात काय एवढं," आक्का म्हणाल्या. "सलूनात खुर्ची असती की फिरती. ती घाला. भाईर तोंड करून बसायचं, आत तोंड करून जायचं."

सगळे हसले. बाल्कनीत उभ्या असलेल्या विमलाबाई हसल्या नाहीत. "अहो," त्या वरून म्हणाल्या, "खुर्चीचं माप घेऊन या."

त्या रात्री पंतांनी सातवा नियम चार वेळा वाचला. 'फेरफार' या शब्दातून निसटायला कुठं फट आहे का हे पाहिलं. फट नव्हती. मसुदा त्यांचाच होता.

तीन गॅरेजवाल्यांनी कानावर हात ठेवले. या गाडीला पान्हा लावायचा तर चिटणिसांची लेखी परवानगी आणा, असं एकानं सांगितलं. मीच चिटणीस, असं पंत म्हणाले. मग लेखी द्या, तो म्हणाला. पंतांना देववेना. शेवटी एका दुपारी ते उद्यमनगरात बाळासोच्या दारात उभे राहिले.

"या पंत. च्या घेणार?" बाळासो लेथवरून उठत म्हणाला. जणू कालच भेटले होते.

"एक काम होतं. म्हणजे काम नाही, शंका होती."

"शंका गाडीत हाय का घरात?"

पंतांनी सगळं सांगितलं. सातव्या नियमाचा उल्लेख आपण करावा की त्यानं करावा, या विचारात त्यांचा चहा निवला. बाळासोनं तो केलाच नाही. फक्त विचारलं, "वैनीस्नी आजऱ्याला न्ह्यायचंय न्हवं? मग झालं की. गडमुडशिंगीत माझ्या पावण्याचं सलून बंद पडलंय. खुर्ची त्याच्याकडं हाय. आणा गाडी."

गाडी मागच्या गल्ल्यांतून, ताडपत्रीखाली गेली. मंडळाच्या लोकांना पंतांनी सांगितलं की थंडीत गाडी विश्रांती घेते. आयुष्यातलं हे त्यांचं पहिलं खोटं, आणि मंडळी 'बरोबर आहे' म्हणाली याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

"खुर्चीचा खांब बसवायचा तर बूड कापाय लागतंय," बाळासो म्हणाला.

"किती?"

"एवढंच." त्यानं तळहात दाखवला.

दुसऱ्या दिवशी पंत गेले तर मोटारीला तळहाताऐवजी ताटाएवढं भोक पडलेलं.

"पंत, बूड कापायला घेतलं तर बूडच न्हाई. निस्ता रंग हाय."

"रंग मूळचा आहे," पंत म्हणाले.

"व्हय. त्याच्यावरच गाडी हुभी हाय."

मग नवा पत्रा आला. नव्या पत्र्याखालून सायलेन्सरची नळी जाईना, म्हणून नळी हलली. खुर्ची बसली तर स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा विमलाबाईंच्या ताठ पायाच्या आड येणार होता, म्हणून गिअर खाली आला. गिअर खाली आला म्हणून हँडब्रेक उजवीकडं गेला. बाळासो दर वेळी "आता उघडलंयच तर" असं म्हणून सुरुवात करी, आणि हे शब्द ऐकले की पंत एका उलट्या डब्यावर बसून घेत. निघालेला प्रत्येक भाग ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणत आणि चिठ्ठी लावून पलंगाखाली ठेवत. 'मूळ सीट, पुढील.' 'मूळ दांडा.' 'मूळ बूड, अवशेष.'

"अहो," विमलाबाई एकदा वाकायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "आपण आजऱ्याला गाडीतून जायचंय की पलंगावरून?"

पहिली चाचणी रंकाळ्याच्या बाजूला झाली. विमलाबाई बाहेर तोंड करून खुर्चीत बसल्या, पंतांनी खुर्ची फिरवली आणि त्या अडीच वर्षांनी पहिल्यांदा मोटारीत सरळ बसल्या. पंतांनी उगीचच एकदा हॉर्न वाजवला. गाडी निघाली. खुर्ची सलूनची, तिला वरखाली व्हायची सवय. तिच्यातलं तेल कुठंतरी झिरपत असावं. जावळाच्या गणपतीपर्यंत विमलाबाई खांद्यापर्यंत दिसत होत्या. पुढच्या वळणाला पंतांनी शेजारी पाहिलं तर फक्त अंबाडा.

"विमल, कशी आहेस?"

"मी बरी आहे. रस्ता कसा आहे ते तुम्हीच सांगा."

बाळासोनं तेलाचा भाग काढून पक्की लोखंडी नळी बसवली. दुसऱ्या चाचणीला उंची टिकली. मात्र खुर्चीला अडवणारी कडी अजून लागायची होती, आणि एका सिग्नलला कुत्रं आडवं आलं म्हणून पंतांनी ब्रेक दाबला. खुर्ची अर्धा फेरा घेऊन मागं वळली. पदर सावरून विमलाबाई मागच्या काचेतून शांतपणे पाहू लागल्या.

"अहो, मागून बस येतीय," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर फोनवर बोलतोय. जरा पुढं घ्या."

याचा फोटो कुणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी तो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता. मागच्या काचेत विमलाबाई, चेहरा गौरीसारखा, आणि त्यांच्यापलीकडं स्टिअरिंग धरलेली पंतांची टोपी. मंडळातला सर्वांत तरुण आणि सर्वांत कडवा सभासद मोहित देशिंगकर यानं खाली एवढंच लिहिलं होतं: 'काका, मूळ सीट कुठं आहे?' मोहितला जुन्या गाडीत चपट्या खाचेचेच स्क्रू असायला हवेत हे पंतांनीच शिकवलं होतं. रविवारी विशेष सभा ठरली.

त्याआधी सरकारी परवानगी हवी होती. बिनपरवानगी बदल केलेली गाडी रस्त्यावर आणणं पंतांच्या रक्तात नव्हतं. चाचण्यांच्या वेळी त्यांनी अर्जाची प्रत खिशात ठेवली होती, याचाच त्यांना आधार. आरटीओ कचेरीत राजनंदिनी नावाच्या निरीक्षक बाईंनी अर्ज नीट वाचला.

"बदल कुणाच्या सोयीसाठी?"

"पत्नीच्या. पाय वाकत नाही."

"गाडी त्या चालवतात?"

"नाही."

"त्यांच्या नावावर आहे?"

"नाही."

"काका, हा नमुना गाडीचा मालकच अपंग असेल तर चालतो. अर्ज अपुरा पडतोय."

हे वाक्य पंतांनी नोकरीत हजारो वेळा उच्चारलं होतं. समोरून कसं लागतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. बाईंनी मात्र मार्गही सांगितला. गाडी विमलाबाईंच्या नावावर करायची आणि अर्ज त्यांनी करायचा. पंतांनी सही केली. कचेरीत ते मालक म्हणून गेले होते, बाहेर ड्रायव्हर म्हणून आले.

"आणि चेसिसचा आणि इंजिनाचा नंबर कागदावर पेन्सिल घासून उठवून आणा," बाईंनी सांगितलं.

इंजिनाचा नंबर पंतांनी कधी पाहिलेला नव्हता. त्या जागी बोटभर जाडीचं वंगण थिजलेलं होतं आणि ते मूळचं आहे अशा समजुतीनं त्यांनी ते सत्तर वर्षांचा ठेवा म्हणून राखलं होतं. बाळासोनं रॉकेलचा बोळा हातात घेतला, पण पुसायच्या आधी थांबला.

"पंत, पुसायलाच पायजे का?"

"सरकारी काम आहे."

बाळासोनं पुसलं, कागद लावला, पेन्सिल घासली आणि कागद न बघताच पंतांच्या हातात दिला. कागदावर पांढरी ठसठशीत अक्षरं उठली होती. वर '॥ श्री ॥'. खाली देवनागरी आकडे.

तुरीनमध्ये इंजिनावर श्री घालतात का, असा विचार पंतांच्या मनात खरोखर येऊन गेला. मग ते डब्यावर बसले.

"चौऱ्याहत्तर साली," बाळासो जमिनीकडं बघत म्हणाला, "आदल्या मालकानं बिनपाण्याची पळवली गाडी. इंजन तडकलं. आमच्या आबांनी हितंच साचा केला, हितंच वतलं. मी चौथीत हुतो. तो श्री आबांनी माझ्यासमोर कोरलाय."

पंतांनी पिशवीतून गाडीची सरकारी पुस्तिका काढली. प्रदर्शनात ते तिचं पहिलं पान दाखवत. तिसरं आणि चौथं पान दमटपणानं चिकटलेलं होतं. ते त्यांनी नखानं सोडवलं. आत फिक्या शाईत लिहिलं होतं: 'इंजिन बदलले, १९७४.' खाली सही, शिक्का. कागद पुरा होता.

शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी लोखंड ठोकत होतं.

"बाळासो, मी तुला सभेतनं घालवला. माझ्या गाडीचं उदाहरण देऊन घालवला."

"व्हय."

"तुला हे ठाऊक होतं. मग बोलला का नाहीस?"

बाळासोनं हात पुसले. "तुमी लई मनापासनं बोलत हुता. आन आबांच्या इंजनाला तुमी इटलीचं म्हणताय, ह्यात आबांचं काय वाईट झालं? मला बरंच वाटायचं."

पंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते डब्यावरून उठले आणि म्हणाले, "कडी आज बसेल का?" बाळासोला ते पुरलं असावं, कारण कडी त्याच दिवशी बसली.

रविवारच्या सभेला एकवीस सभासद हजर होते. एरवी सात येत. अध्यक्ष गुळाचे व्यापारी आकाराम सरनोबत. मोहित ठराव वाचायला उठला तेव्हा पंतांनी त्याला हातानं बसवलं आणि चिटणीस या नात्यानं स्वतःविरुद्धचा अहवाल स्वतःच वाचला. सीट, बूड, नळी, गिअर, हँडब्रेक. "आणि इंजिन," ते म्हणाले. "हे उद्यमनगरात ओतलेलं आहे. चौऱ्याहत्तर सालापासून. म्हणजे बाळासो चौगुल्यांना ज्या दिवशी काढलं त्या दिवशी सातव्या नियमात मीच बसत होतो. माझं सभासदत्व रद्द करावं. ठराव मीच मांडतो, अनुमोदन हवंय."

अनुमोदन येईना. सरनोबतांनी दोनदा खाकरलं.

"तसं बघाय गेलं तर," ते म्हणाले, "माझ्या मॉरिसचा गिअरबॉक्स जीपचा हाय. मुलीच्या लग्नात वरात आडली हुती, तवा बशिवला."

मागच्या रांगेतून कुणीतरी ब्रेकचं कबूल केलं. त्याच्या शेजाऱ्यानं रेडिएटरचं. एका डॉक्टरांनी सांगितलं की त्यांच्या गाडीत कंपनीचं असं आता फक्त नाव उरलं आहे, आणि तेही मागच्या वर्षी नव्यानं करून घेतलंय. काम कुणाकडून केलं, असं पंत प्रत्येकाला विचारत होते. उत्तर एकच येत होतं: बाळासोकडून, संध्याकाळी, मागच्या दारानं. शेवटी मोहित उठला. बुटांकडं बघत म्हणाला, "माझ्या गाडीचा आतला दिवा एलईडी आहे." आणि खाली बसला. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सातवा नियम रद्द करावा अशी सूचना आली. पण त्याला कुणी तयार होईना, कारण घटना मूळ होती आणि तिच्यात फेरफार नको असं सर्वांचं मत पडलं. नियम तसाच राहिला. बाळासोला मात्र सन्मानानं परत बोलवायचं ठरलं आणि सांगायला पंत स्वतः गेले.

"येतो की," बाळासो म्हणाला. "फकस्त सभा रविवारी घिऊ नका. रविवारी माझ्याकडं सभासदांच्या गाड्या असत्यात कामाला."

संक्रांतीआधीच्या शनिवारी फियाट आजऱ्याला निघाली. निपाणी गेली, उत्तूर गेलं, थंडीतली कोवळी उन्हं काचेवर आली. विमलाबाईंनी वाटेत चार वेळा गाडी थांबवायला लावली आणि एकदाही का ते सांगितलं नाही. नुसत्या बघत बसल्या.

आजऱ्यात इरावती दारातच उभ्या होत्या. पंतांनी दार उघडलं, कडी काढली, खुर्ची फिरवली. विमलाबाई काठी टेकून स्वतःच्या स्वतः उतरल्या. दोघी बहिणी समोरासमोर आल्या. आता रडारड होणार म्हणून पंतांनी रुमाल काढून तयार ठेवला.

"उशीर केलास," इरावती म्हणाल्या. "भात निवला."

"घनसाळ तांदळाचा आहे ना?" विमलाबाई म्हणाल्या. "मग निवलेलाच बरा लागतो."

आणि दोघी आत गेल्या. रुमाल पंतांनाच लागला.

जेवणं झाल्यावर विमलाबाई म्हणाल्या, "मी आठ दिवस राहते. इराचं सामान आवरायचंय. तुम्ही निघा, उजेडात पोचाल. पुढच्या शनिवारी न्यायला या."

इतका खटाटोप करून जिला आणलं तिनं तीन तासांत परत पाठवावं, याचं पंतांना वाईट वाटलं. पण गाडी आता तिच्या नावावर होती, आणि मालकिणीच्या पुढं ड्रायव्हरनं काय बोलायचं? ते निघाले.

उत्तूरच्या फाट्यावर एक म्हातारा शेतकरी उभा होता. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, बगलेत कुबडी. समोरून एसटी निघून गेली. पायरी चढणं त्याला जमलं नव्हतं. पंतांनी गाडी थांबवली. नाव विचारलं. म्हाताऱ्यानं सांगितलं, जोतीराम, निपाणीला लेकीकडं जायचंय.

पंतांनी दार उघडलं आणि खुर्ची त्याच्याकडं फिरवली. जोतीराम तिच्याकडं बघत राहिला, मग बसला. पंतांनी त्याला पायासकट आत वळवलं आणि कडी लावली. गाडी चालू लागली. म्हाताऱ्यानं खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला, पाठ टेकली, पाय लांब सोडला.

"पावणं," तो म्हणाला, "शीट लई बेस हाय. कंपनीचीच व्हय?"

दत्तोपंतांनी समोर पाहिलं. रस्ता सरळ होता, इंजिन एका लयीत चाललं होतं, पलीकडून उसाची ट्रॉली येत होती. ती जाऊ दिली.

"व्हय," ते म्हणाले. "कंपनीचीच."